न लागलेली चप्पल

४ मार्च

छोट्या,

आशीर्वाद शेवटी देईन, द्यावेसे वाटले तर. आधी कामाचं.

तुझ्या वाहिनीची बाई काल दुकानात येऊन गेली. मी शाळेच्या गणवेशांच्या ढिगात मान खुपसून बसले होते. ती नेमकी माझ्या बहिऱ्या बाजूला उभी राहून बराच वेळ बोलत राहिली. मग वळसा घालून समोर आली. मी म्हटलं, "आं?" आणि ती खुदकन हसली. लगेच तोंडावर हात ठेवून "सॉरी, सॉरी" म्हणाली. म्हणजे मालिका बघणारी आहे.

'जेवायला बसा!' संपतेय, असं तिने मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. बावीस वर्षांनी. शेवटच्या भागानंतर स्टुडिओत मोठा सोहळा आहे, समोर प्रेक्षक, घरोघरी थेट प्रक्षेपण. आणि ज्या घरावरून ही मालिका सुचली ते खरं घर लोकांना दाखवायचंय. खरे बाबा आणि खरी ताई. "तुम्ही आल्याशिवाय सोहळ्याला मजाच नाही," म्हणाली. मजा हा शब्द तिने तीनदा वापरला.

तू स्वतः आला नाहीस. फोन केला नाहीस ते बरंच केलंस, चांगला कानही आता मंदावलाय, फोनवर मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या कृपेने ते घरोघरी माहीत आहे. पण पत्र लिहायला काय झालं होतं? बहिणीला बोलवायला पगारी बाई पाठवतोस?

उत्तर सरळ आहे. मी येणार नाही. बाबाही येणार नाहीत.

कारण विसरला असशील तर सांगते. बाबांचं सगळं बसल्या जागी करायची वेळ आली, तेव्हा मी तुला लिहिलं होतं, काही महिने तू ने, माझी कंबर गेलीय. तू बाबांना नेलं नाहीस. मदतीला एक माणूस पाठवलास. तो तिसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी लावून निघून गेला, आणि तू त्याच्यावर एक भाग लिहिलास. त्या भागात तो केळीच्या सालीवरून घसरून पडतो. मी तो भाग बाबांना भरवता भरवता बघितला. तेव्हापासून तुझ्या-माझ्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही, असं मी समजते.

बाबांची तब्येत ठीक आहे. हात अजून मजबूत आहेत.

ताई
(मालिकेतली नव्हे, दुसरी)


१२ मार्च

छोट्या,

तुझं पत्र मिळालं. बावीस वर्षं लोकांच्या तोंडी संवाद घालणाऱ्या माणसाला बहिणीला लिहायला चार ओळी सुचल्या, त्यातली एक हवामानावर. बाकी काय, तर "राग सोड, झालं गेलं विसरून जा." अरे, विसरायला मला काहीच अडचण नव्हती. तूच दर आठवड्याला आठवण करून देत होतास.

वाहिनीच्या बाईने मला एक छापील पुस्तिका दिलीय, 'एका हसऱ्या घराचा प्रवास'. त्यात तुझी मुलाखत आहे. "आमच्या घरात अन्नाइतकंच हसू वाढलं जायचं," असं तू सांगितलंयस. मी वाचता वाचता सुई बोटात घालून घेतली. तेव्हा आता तो प्रवास माझ्याकडूनही ऐक, म्हणजे सोहळ्यात बोलताना घोटाळा नको.

खाली दुकान, वर आपल्या दोन खोल्या. जेवायचं टेबल म्हणजे बाबांचं जुनं कापड बेतायचं टेबल, एका पायाखाली लाकडाचा तुकडा. आई गेल्यावर स्वयंपाक माझ्याकडे आला. बाबा दुकान बंद करून जिना चढता चढता ओरडायचे, "जेवायला बसा!" त्यांचं पाऊल वरच्या पायरीवर पडायच्या आत आपण बसलेलं असायला हवं होतं. ताटं वाढलेली, पेले भरलेले. काही कमी-जास्त झालं, कोणी उशिरा बसलं, कोणी जास्त बोललं, की पायातली चप्पल निघायची. त्यांचा नेम कधी चुकला नाही. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवणारा माणूस तो.

तू लहान होतास म्हणून मी पुढे उभी राहायचे. आणि बाबा खाली गेले, की तू त्यांचा कोट घालायचास, गळ्यात टेप अडकवायचास आणि त्यांची हुबेहूब नक्कल करायचास. मी रडता रडता हसायचे. माझं हसू तूच परत आणायचास, हे मी नाकारत नाही. त्यासाठी मी तुझ्यावर जीव टाकायचे. पुढे ती नक्कल घेऊन तू वाहिनीच्या दारात गेलास, तेव्हा तुझ्यासाठी कोट मी शिवला होता.

पहिला भाग मी अख्ख्या गल्लीला बोलावून बघितला. मुलगा गिऱ्हाइकाच्या नव्या कोटावर दूध सांडतो. बाप चप्पल काढतो. मुलगी चटकन खाली वाकते, चप्पल खिडकीतून बाहेर जाते आणि शेजारणीच्या पातेल्यात पडते. शेजारीण ती चिमट्यात धरून परत आणते आणि विचारते, "भाऊ, आज भाजीत काही कमी होतं का?" गल्ली हसून लोळली. मी कानावर हात ठेवून बसले होते.

दूध तू सांडलं होतंस, छोट्या. चप्पल तुझ्यावर आली होती. वाकलास तू. मी तुझ्या पुढे यायला धावले होते आणि तू वाकलास, म्हणून ती मला लागली. टाचेला नाल होती. डॉक्टरांना बाबांनी सांगितलं, जिन्यावरून पडली. डॉक्टरांनी तुझ्याकडे बघून विचारलं, "खरं का रे?" आणि तू मान हलवलीस. त्या कानाने मी पुन्हा काही ऐकलं नाही.

त्याचंही तू सोनं केलंस. दुसऱ्या वर्षी मालिकेतल्या ताईला कमी ऐकू यायला लागलं आणि तिचं ते "आं?" आलं. आजही मी बाजारात गेले, की पोरं मागून ओरडतात, "आं?" गिऱ्हाइकं आपली मुलं मला दाखवायला आणतात.

आता मुद्द्याचं. बाबा मालिकेचे जुने भाग दिवसभर बघतात. पडद्यावरचं घर त्यांना खरं वाटायला लागलंय. परवा मला म्हणाले, "मी कधी कोणाला मारलं नाही गं. मुद्दाम नेम चुकवायचो." मी त्यांच्या दाढीला साबण लावत होते. हात थांबला माझा. त्यांनी लगेच पेला भिरकावला, कारण पाणी गार होत होतं. पण मला त्या वेळी काहीतरी सुचलं.

तर विचार बदललाय. आम्ही दोघं येतो. वाहिनीच्या बाईला कळव.

तुझ्या घरी तळमजल्यावर खोली आहे ना? आणि तिला लागून न्हाणीघर? सहज विचारतेय.

ताई


२३ मार्च

छोट्या,

तळमजल्यावर मोठी खोली आहे, बागेकडे खिडकी आहे, हे वाचून बरं वाटलं. "तुम्हाला सोहळ्यानंतर एक रात्र आरामात राहता येईल" असं लिहिलंयस. एक रात्र. तुझं मन किती मोठं.

बाबांसाठी नवा सूट शिवायला घेतलाय, करड्या रंगाचा. छाती कमी झालीय, खांदे तेवढेच आहेत. मापं घेताना त्यांनी तीनदा माझ्या हातावर टेप मारली, पण लहर चांगली होती. खिडकीत बसून सगळ्या गल्लीला सांगत सुटलेत, "माझ्या लेकाने बोलावलंय." मी कोण, हे त्यांच्या लक्षात असतंच असं नाही. लेक मात्र पक्का आठवतो.

तू विचारतोस, रंगमंचावर मी काय बोलणार आहे. घाबरू नकोस. तुझी इज्जत चव्हाट्यावर आणायची नाही मला. तसं करायचं असतं, तर मालिकेच्या पाचव्या वर्षीच केलं असतं, तू माझं लग्न लावलंस तेव्हा. पोस्टमनशी! लोक दुकानात अभिनंदन करायला यायचे आणि मी बिनलग्नाची बाई त्यांचे आभार मानायचे. मग तुझा पोस्टमन सिनेमात गेला आणि तू त्याला बदलीवर पाठवलंस. अजून बदलीवरच आहे तो. टीआरपी घसरला, तेव्हा मला जुळं झालं. ती जुळी एका सुट्टीत चार वर्षांनी मोठी होऊन आली, कारण बाळं शूटिंगला रडायची. एवढा मोठा संसार तू मला दिलास, आणि मी इथे बाबांच्या चादरी धूत होते. हसू येतं कधी कधी. खरंच येतं.

एक गोष्ट तुझ्या पुस्तिकेत नाही, ती सांगते. पडद्यावरचे बाबा, ते थोर नट, पहिल्या शूटिंगआधी आपल्या दुकानात येऊन बसायचे. कात्री कशी धरायची, खडू कानामागे कसा लावायचा, सगळं बाबांकडून शिकले. एकदा वर जेवायला थांबले. मीठ कमी पडलं, आणि पाहुण्यादेखत बाबांनी पेला माझ्या तोंडावर मारला. त्या माणसाने हातातला घास ताटात ठेवला तो पुन्हा उचलला नाही. पुढे ते अधूनमधून यायचे, पण बाबांना भेटायला नाही.

नवव्या वर्षी तालमीत त्यांनी एकदा मुद्दाम नेम धरला. चप्पल ताईचं काम करणाऱ्या नटीच्या खांद्याला लागली. ते तुला म्हणाले, "एकदा लागू दे. एकदाच. मग पुढे काय होतं ते लिही." तू म्हणालास, "लागली तर लोक चॅनेल बदलतील, सर." दुसऱ्या दिवसापासून सेटवर स्पंजची चप्पल आली. हे मला त्यांनीच सांगितलं, आपल्या दुकानातल्या स्टुलावर बसून, मान खाली घालून. ते गेले तेव्हा तू त्यांना मालिकेत "भावाकडे राहायला" पाठवलंस आणि त्यांच्या जागी काका आणलास. लोकांनी काकाही गोड मानून घेतला. लोकांना काय, कोणीतरी फेकणारा हवा.

तर बाबांचं भाषण मी करून घेतेय. माझंही दोन वाक्यांचं आहे. कार्यक्रम नक्की थेटच दाखवणार ना? मागाहून काही कापत नाहीत ना? शेजारच्या काकू विचारत होत्या.

ताई


३ एप्रिल

छोट्या,

परवापासून तुझं काही आलं नाही. साहजिक आहे, घरात पाहुणा आहे. तुझ्या हाताला काम लागलं असेल.

कार्यक्रम काय देखणा झाला! सगळं घर तसंच उभं केलं होतंस, टेबलाच्या पायाखालचा लाकडाचा तुकडासुद्धा. बाबांना धरून आत आणलं तर लोक उभे राहिले. सूट चांगला बसला होता. सूत्रसंचालकाने विचारलं, "बाबा, खरं सांगा, चप्पल कधी लागली का हो कोणाला?" आणि बाबा छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझ्या मुलांना मी कधी बोट लावलं नाही." किती टाळ्या! तू स्पंजची चप्पल त्यांच्या हातात दिलीस, त्यांनी फेकली, ती प्रेक्षकांत गेली आणि एका बाईने ती छातीशी धरली. तुझे डोळे भरून आले होते. मला वाटतं, तेव्हा तुझा तुझ्याच गोष्टीवर विश्वास बसला.

मग माईक माझ्याकडे आला. मागून सगळे एका सुरात ओरडले, "आं?" मी हसले. आणि मग मी म्हटलं, "माझा भाऊ कित्येक वर्षं माझ्या मागे लागलाय, बाबांना माझ्याकडे पाठव म्हणून. मीच हट्टी, मीच सोडत नव्हते. पण आता मालिका संपली, त्याला वेळ आहे. आज तुमच्या सगळ्यांच्या साक्षीने मी बाबांना त्यांच्या लाडक्या लेकाच्या हवाली करते. कायमचं."

बाबांची बॅग तुझ्या वेशभूषेच्या बाईंनी आणून दिली. मी आदल्या दिवशी त्यांना एका जाकिटाची बाही लावून दिली होती, आमची गट्टी जमली होती. बॅग बघून लोक रडायलाच लागले. सूत्रसंचालक रडला. कॅमेरा तुझ्यावर होता म्हणून तू हसलास, आणि बाबांना मिठी मारलीस. त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून काहीतरी बोललास. ऐकू येत नसलं तरी मला ओठ वाचता येतात. "ताई, नको." अगदी लहानपणी म्हणायचास तसं.

तेव्हा मी पुढे उभी राहायचे. या वेळी मी खुर्चीत बसून राहिले आणि टाळ्या वाजवल्या.

काय मिळालं मला, असं तुझी बायको नंतर मेकअपच्या खोलीत विचारत होती. तिला म्हटलं, झोप. दुसरं काही मिळो न मिळो.

तुझी पोर गोड आहे. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, सगळ्यांदेखत आजोबांचा हात धरून उभी राहिली. मला म्हणाली, "आत्या, आजोबा आता रोज जेवताना चप्पल टाकणार? खरी खरी?" तिला उत्सुकता होती. मी म्हटलं, "ते तुझ्या बाबांना विचार."

औषधं बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहेत. लाल गोळी जेवणाआधी. दाढीचं पाणी कढत लागतं. माझ्याकडे घरात काचेचं भांडं नाही, सगळं हलक्या पत्र्याचं आहे, तशी सवय आहे त्यांना. बाकी त्यांच्याबद्दल मी तुला काय सांगणार? बावीस वर्षं तूच लिहितोयस त्यांना.

ताई


१४ एप्रिल

छोट्या,

फोटो मिळाला. बाबा बागेत खुर्चीवर, मांडीवर पोरगी, दोघं हसतायत. खाली तू लिहिलंयस, "बाबा मजेत आहेत. सगळ्यांना सूट शिवून देतो म्हणतात. जेवताना चप्पल टाकतात आणि मुद्दाम नेम चुकवतात. आम्ही हसून हसून दमतो. ताई, तू उगाच घाबरवत होतीस."

मी तुला कधी घाबरवलं? मी तर काहीच सांगितलं नव्हतं.

फोटो मी मशीनच्या समोर लावला होता. मग काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. इथे मी आठ-आठ तास झोपते, गार जेवते, मला हवं तेव्हा जेवते. काकू म्हणतात, तुझ्या चेहऱ्यावर रंग आलाय. तरीही त्या फोटोने माझी आग आग होतेय. माझ्याकडे असताना त्यांचा नेम एकदाही चुकला नाही. तापात चुकला नाही, डोळ्याला पडदा आला तेव्हा चुकला नाही. आणि तुझ्याकडे जाऊन चुकायला लागला? म्हणजे त्यांना चुकवता येत होतं. हे त्यांचं कौतुक तू मला फोटो काढून पाठवतोस!

मला वाटलं होतं, मी तुझ्या गळ्यात खरे बाबा बांधलेत. तुला तिथेही मालिकेतलेच मिळाले. तुझं नशीबच तसलं.

यापुढे फोटो पाठवू नकोस.

ताई


२२ एप्रिल

छोट्या,

तुझा फोन काकूंनी घेतला. त्या मोबाइल कानाला लावून दुकानाच्या मधोमध उभ्या होत्या आणि तू बोलशील ते मला ओरडून सांगत होत्या. दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांना जायला सांगितलं नाही.

"म्हणतोय, काचेची वाटी होती," काकू म्हणाल्या.

"विचारा, कोणावर फेकली?"

"त्याच्यावरच. दूध सांडलं म्हणे त्याच्या हातून. तो वाकला. पोरगी शेजारी बसली होती. भुवईवर म्हणतोय. टाके घातलेत. डोळा वाचलाय गं, डोळा वाचलाय."

मी म्हटलं, "विचारा, म्हणजे लागली का?"

"अगं, टाके पडलेत म्हणजे..."

"काकू, विचारा. त्याच्या तोंडून हवंय मला."

त्यांनी विचारलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"लागली, म्हणतोय." आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, पण मी ओठ वाचले, "पुन्हा पुन्हा तेच म्हणतोय गं. लागली, लागली. रडतोय."

एवढाच शब्द मला तुझ्याकडून हवा होता. डॉक्टरांसमोर हवा होता, पहिल्या भागात हवा होता, त्या नटाने मागितला तेव्हा हवा होता. मिळाला, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. मी दोन वेण्यांच्या पोरीचं कपाळ देऊन तो घेतलाय. काचेचं भांडं ठेवू नकोस, एवढं एक वाक्य मला सरळ लिहिता आलं असतं. मी ते आडून लिहिलं, कारण तुला कळू नये अशीच माझी इच्छा होती. त्यातला माझा वाटा माझा. त्यासाठी तुझी माफी मागणार नाही, पोरीची मागेन.

बाकीचं काकूंनी मला फोन ठेवल्यावर, पाणी पिऊन सांगितलं. टाके घालून घरी आल्यावर तू बाबांचा कोट घातलास, गळ्यात टेप अडकवलीस आणि तिच्या पलंगासमोर नक्कल करून दाखवलीस. ती हसली नाही. तुझ्याकडे नुसती बघत राहिली. म्हणून घाबरून तू फोन केलास. रक्त बघून नाही केलास, त्यानंतर केलास.

पोर माझ्यापेक्षा हुशार आहे. तिला हसवायला जाऊ नकोस. रडायचं असेल तर रडू दे. आणि उद्या शाळेत कोणी विचारलं, तर जिन्यावरून पडली म्हणून सांगायला शिकवू नकोस. शिकवलंस, तर या वेळी माईक मी शोधत येईन.

काकूंनी मग तुझ्या बायकोला फोन लावून दिला. ती पोरीला घेऊन खोलीचं दार लावून बसलीय. तिला मी काकूंच्या तोंडून एकच प्रश्न विचारला, येतेस का माझ्याकडे? ती हो म्हणाली. दोघी इथे राहतील, मन भरेपर्यंत. वरच्या खोल्या रिकाम्याच आहेत. पोरीला शाळा इथेही मिळेल.

मी उद्या सकाळच्या गाडीने निघते. दुपारपर्यंत पोचेन. दार उघड, आणि मला समजावायला बसू नकोस, तुझ्या बाजूला मी बहिरा कानच ठेवणार आहे.

तू फोनवर शेवटी विचारलंस म्हणे, "ताई बाबांनाही नेणार ना?" काकूंना ते मला सांगायची लाज वाटली, त्यांनी दोनदा विषय बदलला.

नाही. बाबा तुझ्याकडे राहतील. सगळ्यांच्या साक्षीने घेतलंयस तू त्यांना. मदतीला माणूस ठेवलास तर तो तिसऱ्या दिवशी जाईल, हे तुला माहीत आहे. लाल गोळी जेवणाआधी द्यायची. त्यांच्या समोर बस किंवा बाजूला, तुझी मर्जी. पण तुझ्यापुढे उभं राहायला आता त्या घरात कोणी नसेल.

ताई